बिनढगांचा नकाशा

पृथ्वीच्या पाठीवर कुठली जागा कुठे आहे हे आमच्या भावोजींइतकं नेमकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपण स्वतः कुठे उभे आहोत हे त्यांच्याइतकं कमी कोणालाच कळत नव्हतं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डिचोलीच्या बाजूला एका कॉलेजात ते भूगोल शिकवत. पण शिकवणं हा त्यांचा जोडधंदा. मुख्य धंदा करार करण्याचा. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे कसे काढावेत आणि त्यातून शाश्वत विकास कसा साधावा, हे परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने शिकवायचं, असे ते करार. काचेत घालून ते दिवाणखान्यात देवांच्या तसबिरींच्या ओळीतच टांगलेले असत. ताई तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडायची, तेव्हा निम्मा नमस्कार युरोपला पोचायचा.

ज्या विद्यापीठाशी करार ताजा, त्याच्या वेळेवर भावोजींचं घड्याळ. एका गणेशचवथीला पानं वाढून आम्ही तासभर खोळंबलो. आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की तिकडे आता कुठे सकाळचे नऊ वाजताहेत. पातोळ्या गार झाल्या होत्या. पाहुणे प्राध्यापक आले की त्यांना मयेच्या तळ्यावर बोटीत बसवायचं आणि त्यांच्या हस्ते कॉलेजच्या आवारात रोप लावायचं, हा कार्यक्रम ठरलेला. खड्डा दर वर्षी तोच. आधीचं रोप वाळलेलंच असायचं, त्यामुळे सहकार्याला जागा कधी कमी पडली नाही. स्वतः भावोजी मात्र परदेशी कधी गेले नाहीत. करारांत त्यांचं येणं-जाणं लिहिलेलं असे. प्रत्यक्षात फक्त येणं घडे. अखेर एका विद्यापीठाने सप्टेंबरातल्या परिषदेला त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी म्हापशाला जाऊन कोट शिवून घेतला आणि मार्चच्या उकाड्यात तो घालून आम्हाला दाखवला.

त्याच मार्चमध्ये तिकडच्या विद्यार्थ्यांनी, भावोजींच्या मार्गदर्शनाखाली, आमोण्याचा नकाशा केला. आमोणे हे भावोजींचं जन्मगाव. नकाशा पंचायतीत समारंभाने भेट दिला गेला, आणि सरपंचांनी तो गावाच्या विकास आराखड्याला जोडायचं जाहीर केलं. भाषणं संपल्यावर भावोजींचे चुलते शाबाकाका चष्मा पुसत नकाशापाशी गेले. नदीकाठच्या बांधाआड त्यांचं शेत. तिथे नकाशात निळा रंग होता आणि खाली लिहिलं होतं, कायमचं तळं.

"अरे बाबू," शाबाकाका भावोजींना म्हणाले, "हें तळें जाल्यार मी भात खंय लायतां? उदकात?"

चूक साधी होती. पावसाळ्यात आमोण्यावर ढग, म्हणून उपग्रहाचं स्वच्छ चित्र फेब्रुवारीचं घेतलेलं. आणि कापणीनंतर गावकरी मानस, म्हणजे बांधातलं लाकडी दार, उघडून नदीचं खारं पाणी शेतात घेतात. त्यात कोळंबी वाढते. पावसाच्या तोंडावर ते पाणी सोडून देतात आणि पुन्हा भात पेरतात. ढगांखालचं भात उपग्रहाला कधी दिसलंच नव्हतं. परदेशातल्या पोरांना हे कसं कळावं? पण भावोजी लहानपणी त्याच पाण्यात कोळंबी पकडत होते, आणि नकाशावर तपासणीची सही त्यांची होती. सरकारदरबारी शेताचं तळं झालं की बांध दुरुस्त करायला कोणी येणार नव्हतं. बांध फुटला की ते खरोखरच तळं होणार होतं. भावोजी म्हणाले, ही प्राथमिक आवृत्ती आहे. घरी येताना त्यांच्या या उत्तराला मी मनसोक्त हसलो.

हसलो ते आता बोचतं. पाऊस लागला आणि भावोजी दर रविवारी आमोण्याला जाऊ लागले. चिखलाला नाक मुरडणारा हा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून मोबाइलवर जागा नोंदवी. शाबाकाका पुढे चालत एकेका कुणग्याचं, शेताच्या तुकड्याचं, नाव सांगत आणि एवढ्या भल्या प्रोफेसराला एवढंही येत नाही म्हणून वाटभर शिव्या घालत. भावोजींनी तिकडच्या विद्यापीठाला कळवलं की नकाशा चुकीचा आहे, चूक विद्यार्थ्यांची नसून माझी आहे. ताई म्हणते, ते पत्र लिहायला त्यांना तीन दिवस लागले. परिषदेचं पुढे कोणी काही कळवलं नाही. पंचायतीने जुना नकाशा मागे घेऊन भावोजींचा नवा जोडला, आणि पंधरा दिवसांनी, वर्गात हजेरी घेताना, भावोजी गेले.

नव्या नकाशाची एक प्रत ताईने माझ्याकडे दिली. मी ती घेऊन आमोण्याला गेलो तेव्हा कापणी उरकली होती, मानस अजून उघडायचं होतं. शाबाकाकांनी बांधावर बसून नकाशा मांडीवर पसरला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले. नकाशावर त्यांचं शेत आता हिरवं होतं.

"हांगा एक कुणगो चुकला," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आतां सांगतलों कोणाक?"

मला नकाशातलं काही कळत नाही. मी चपला काढल्या आणि म्हटलं, "कुठला तो दाखवा."