आभारकाकांचा आक्षेप

धंदा शिंप्याचा, पण नाव पडलं आभारकाका. वाचनालयाचं उद्घाटन असो की कुणा साहेबाचा निरोप समारंभ, शेवटी आभार मानायला उठणार ते काकाच. शिवायला टाकलेला झंपर महिनाभर तसाच लोळत पडेल, पण काकांच्या आभारातून खुर्चीवाला, माइकवाला, झाडलोट करणारी बाई, एकही जण सुटायचा नाही. आणि त्यांचं 'धन्यवाद' कानावर पडलं रे पडलं की लोक चपला शोधायला लागायचे.

अशात कारखान्यांचा विषारी कचरा पुरायला जागा ठरली, ती नेमकी काकांच्या धाकट्या बहिणीच्या कुंपणाला लागून. तिच्या विहिरीवर तिची रोपवाटिका चालायची, घरही त्याच पाण्यावर. जनसुनावणी लागली तेव्हा काका छाती ठोकून म्हणाले, "तू घाबरू नकोस. आधी मी आक्षेप घेतो, माझ्या मागोमाग तू बोल. बघतोच कसा टाकतात कचरा."

सभागृहात कंपनीच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांत कचरा औषधालाही नव्हता, नुसती झाडंच झाडं. मग अध्यक्ष असलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" काका तरातरा पुढे गेले. माइक हातात आला आणि तिथंच घात झाला. जन्मभर वळण लागलेली जीभ ती, ऐन वेळी कुणाचं ऐकते?

"सन्माननीय अध्यक्ष अमूल्य वेळ काढून आले, त्यांचे आभार. कंपनीने इतकी सुरेख चित्रं दाखवली, त्यांचेही..." खुर्च्यांचे झाले, थंड पाण्याचे झाले. आक्षेप अगदी ओठांवर होता हो, पण आधी सगळ्यांचं नीट होऊ दे, मग घेऊ, असं त्यांच्या मनात. शेवटी दम खायला थांबले आणि सवयीने म्हणून गेले, "धन्यवाद."

झालं. टाळ्या पडल्या, खुर्च्या सरकल्या. "अहो, थांबा, मुद्दा राहिलाय," काका सांगत राहिले, पण माइकवाला वायर गुंडाळत होता. बहीण हात वर करून उभीच. अध्यक्षांची नजर तेवढी तिच्याकडे गेली नाही. 'आक्षेप नाही, नागरिकांनी समाधान व्यक्त केले,' असं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं, आणि जाता जाता काकांचा हात हातात घेऊन भाषणाचं कौतुक केलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर बहिणीपुढे त्यांना मान वर करवेना. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं.

ती शांतपणे म्हणाली, "दादा, सगळ्यांचे आभार मानलेस. आता घरी चल, विहिरीचेही मान. पाणी गोड आहे तोवर."