मालकाची अर्धी गोळी

सुंदराकाकू हसल्या की पिंपरी पेंढारच्या कोंबड्या घाबरून दोन-दोन अंडी घालायच्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. मी शेजारीण, मी थापा मारायची, काकू हसायच्या, आमचा शेजारधर्म असा चालायचा.

मग ते हसणंच बंद झालं. मी तोंड उघडलं की काकू पाय आवळून म्हणायच्या, "गप बस भवाने, लुगडं भिजंल माझं." त्यांचं अंग बाहेर येत होतं, हसलं-शिंकलं की लघवी सुटत होती. लग्नाकार्यालाही जाईनात. शेवटी मीच त्यांना नारायणगावला डॉक्टरीणबाईंकडे ओढून नेलं.

"ऑपरेशन करू," बाई म्हणाल्या. "पण तिथे रक्तवाहिन्या फार. रक्त पातळ व्हायची गोळी घेता का?"

"माझी एक बी गोळी न्हाई," काकू ठणकावून म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणीला सुई टोचली, तर रक्त थांबेचना. आणखी थोडा वेळ गेला असता तर कुकडी नदीला पूर आला असता. बाईंनी कापूस दाबून धरला आणि दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले. "काकू, खरं सांगा."

"खरंच सांगते. माझी न्हाईच, मालकाची हाय. हार्टची. अर्धी त्यांना, अर्धी मला. भाकर वाटून खातो, मग गोळी का न्हाई?"

बाई खुर्चीत बसल्या. "अहो, उद्या रक्त सुटलं असतं, तर मला आवरलं नसतं."

ऑपरेशन पुढे गेलं. काकूंची गोळी बंद, मालकांना अख्खी. काकूंचं तोंड एवढंसं झालं. "परत बोलावलंच न्हाई तर?"

"बोलावते. तोवर नवऱ्याशी फक्त भांडणं वाटून घ्या."

बोलावणं आलं. रक्त लागलं तर असावं म्हणून काकूंनी पिकअपभर पैलवान भाचे नेले. रक्त बेताचंच गेलं, एकही बाटली लागली नाही. भाचे इतके हिरमुसले, की नारायणगावातली मिसळ संपवूनच परतले.

पुढे सगळं भरून आल्यावर काकू माझ्या ओट्यावर आल्या आणि धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर मुद्दाम बसल्या. "सांग एखादी."

मी म्हटलं, "अख्खी गोळी लागल्यापासून मालक आळेफाट्यापर्यंत एसटीच्या पुढे पळतात. कंडक्टर मागून शिट्टी मारतो."

काकू हसल्या. कोंबड्या ओरडल्या. मग त्या हळूच उठल्या, चादरीवरून सगळीकडे तळवा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि परत तिथेच बसल्या.

"आता मोठी सांग," म्हणाल्या.