पातळ तळाचे बूट आणि खोपोलीचा घाट

आधीच सांगते, हे वाचून कोणी बेअरफूट बूट मागवणार असेल तर खुशाल मागवा. बूट चांगले आहेत. वाट त्यांनी नाही लावली, मी लावली.

झालं असं की बेलापूरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर दर्शना बसते. घणसोली गावातली, अस्सल आगरी. त्यांच्या आळीची पालखी दर चैत्रात चालत कार्ल्याला एकवीरेला जाते. तिची आई, हिराकाकी, लग्न होऊन घणसोलीत आल्यापासून अनवाणी चालत जायच्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, चालायचं अजिबात नाही. फार तर गाडीने पायथ्याशी जा आणि पायऱ्या बसत-उठत चढा. तेव्हापासून काकी गुडघे जपून वापरत होत्या. मोरीपर्यंत जायचं तरी दर्शनाला हाक. "पायऱ्यांना लागतील ना गं," म्हणायच्या. ऑपरेशनच्या आधी देवीला डोळे भरून बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यांच्या जागी चालणार होती दर्शना. या आळीची एक रीत आहे. घाट कोणी एकटीने चढायचा नाही. निघतानाच बायका जोड्या लावतात आणि दोघी एकाच नारळावर हात ठेवतात. काकींची जोडीदारीण गेल्या वर्षी वारली. दर्शनाने मला विचारलं, "येशील? बाकी कुठे मागे-पुढे राहिलीस तरी चालेल, पण घाटात तू हवीस." मी म्हटलं, विचारतेस काय, आलेच!

आता बूट. मला अनवाणी चालायचं होतं, पण तेवढी हिंमत नव्हती. म्हणून हा मधला मार्ग काढला. पुढे पंजासारखे रुंद, टाचेला उंची नाही, तळ इतका पातळ की खालचा खडा मोजून घ्या. देवीलाही बरं आणि पायालाही बरं, असा माझा हिशोब! नवरा समीर म्हणाला, "बदकाने घातलेत असं वाटतंय."

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उलटी उतरत होते. सगळीकडे लिहिलेलं असतं की सुरुवातीला दहा मिनिटं चाला, मग हळूहळू वाढवा, सवय व्हायला महिने जातात. माझ्याकडे महिने नव्हते. मग मी करंजाड्याला आमच्या सोसायटीच्या पोडियमवर तास-तास चालू लागले, थोडं पळूही लागले. तिथे रबराचा मऊ ट्रॅक आहे. टाच न आपटता छोटी पावलं टाकणं छान जमायला लागलं आणि मला वाटलं, झाली की सवय! सवय झाली होती ती रबराची.

पहाटे घणसोली गावातून निघालो. पालखी पुढे, मागे गाणी लावलेला टेम्पो, टेम्पोत गोधडीवर काकी. नारळावर हात ठेवताना काकींनी माझ्या पायांकडे बघितलं. "काय गं, हे बूट हायत का पायमोजे?"

"काकी, अनवाणीच समजा."

"अनवानी म्हंजे अनवानी. नायतर सरळ जाड बूट घाल ना. देवी काय पाय बघत नाय."

मी हसून सोडून दिलं. तुर्भे, नेरूळ, खारघरपर्यंत मी हवेतच होते. बायका बुटांची चौकशी करत होत्या आणि मी तळव्याच्या स्नायूंवर भाषण ठोकत होते. ऊन चढलं तसं डांबर त्या पातळ तळातून चटके द्यायला लागलं. कोणाला जायचं असेल तर सांगते, दहाच्या आत जेवढं चालता येईल तेवढं चाला, टोपी आणि ओला पंचा हवाच. जेवणाखाण्याची काळजी नको, मंडळ सगळं बघतं.

मुक्काम पळस्प्याला. तिथून आमचं घर किती लांब? समीर स्कूटरवरून सहज भेटायला आला. मी बूट काढून बसले होते, पंजे लाल झाले होते. "जुने बूट आणू का? आत्ता घेऊन येतो," तो म्हणाला.

आजूबाजूला त्याच बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, "राहू दे रे, मस्त चाललंय."

हे एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी शेडुंग, मग चौक. चौकला थंडगार कोकम सरबत मिळालं, दोन्ही बाजूंना डोंगर दिसायला लागले, फार सुंदर रस्ता आहे. चौकच्या पुढे उजव्या पावलावर, दुसऱ्या बोटाच्या वर, ठणका सुरू झाला. मी तशीच चालत राहिले. खालापूरला लंगडायला लागले, तर म्हटलं फोड आलाय. खोपोलीच्या मुक्कामी दर्शनाने माझ्या पायांना तेल चोळलं, तेव्हाही मी ओठ चावून हसत होते.

सकाळी पाऊल टेकवेना. सुजून टम्म झालेलं. पालखी घाटाला लागायच्या बेतात, आणि मी टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी.

दर्शना म्हणाली, "तू बस वर. मी जाते एकटी, काही होत नाही."

एक बाई म्हणाली, "आमच्यात ये की." पण त्या दोघी होत्या, आणि तिघींची जोडी होत नाही. दर्शना मान हलवून पुढे निघाली. तेवढ्यात टेम्पोतून काकी खाली उतरल्या.

"आये, वर चढ! डॉक्टर काय बोललाय?"

"डॉक्टर घाटात हाय का? चल. आपल्या घरातली पोर एकटी घाट नाय चढनार."

दर्शना रडकुंडीला आली, मी हात जोडले, टेम्पोवाल्याने समजावलं. काकींनी लेकीच्या खांद्यावर हात टाकला आणि चालायला लागल्या. अनवाणी. मी त्यांच्या गोधडीवर बसले. अजून ऊबदार होती.

टेम्पो हळूहळू पुढे जायचा, थांबायचा. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी आम्ही वाट बघत होतो. सगळ्यांच्या मागून, वळणावरून त्या दोघी आल्या. काकी दर पावलाला "उदो" म्हणत होत्या, मोठ्याने नाही, स्वतःशीच. मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्या त्या महागड्या बुटांची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

कार्ल्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत काकींचा गुडघा नारळाएवढा झाला होता. पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, कठडा धरला, आणि परत खाली घेतला. डोलीवाले आले. काकी म्हणाल्या, "नको रे बाबा. मानसांच्या खांद्यावर एकदाच जायचं."

पालखी वर गेली. आम्ही दोघी फुलवाल्याच्या बाकड्यावर बसलो. काकींनी डोंगराकडे तोंड करून हात जोडले आणि खूप वेळ तशाच बसल्या. मी रडत होते.

"रडतंस कशाला? मी काय कमी येला बघितलीय तिला?" त्या म्हणाल्या, आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

घरी आल्यावर एक्स-रे काढला, हाडाला बारीक चीर होती. दीड महिना सक्तीची विश्रांती. काकींचं ऑपरेशन सूज उतरल्यावर झालं. आता घरात काठीने फिरतात, पण डॉक्टरांनी पायऱ्या कायमच्या बंद केल्यात. दर्शना मला एका शब्दाने बोलली नाही. दुपारी डबा अजून माझ्याबरोबरच खाते. बोलली असती तर बरं झालं असतं.

बूट मी टाकले नाहीत. पाय बरा झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात केली. दहा मिनिटं, साध्या रस्त्यावर, घाई न करता. परवा तासभर चालले, कुठेही दुखलं नाही. घरी येऊन बूट काढत होते तर काकींचा फोन. त्या अधूनमधून करतात.

"पाय कसा हाय तुझा?"

"बरा आहे काकी. आज तासभर चालले."

"मंग झालं," त्या खुश होऊन म्हणाल्या. "पुढल्या चैत्रात दर्शनासोबत जाशील ना? माज्या वाटचं पन बघून ये."