मामाजींच्या जीपची खांदशेकणी

माझे सासरे कोणतीही वस्तू हाती आली की आधी तिला टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. नारळ, टरबूज, माठ इथपर्यंत ठीक होतं. पण डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या बाटलीलाही ते टिचकी मारत, आणि माझ्या लग्नातल्या घड्याळाला टिचकी मारून त्यांनी "कच्चा माल हाय" असा निकाल दिला होता. मला पसंत करताना टिचकी मारली नाही, एवढीच मेहरबानी. मी पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो, तेव्हा बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारून ते म्हणाले, "चालन!" त्या दिवसापासून हा गृहस्थ माझ्या मनातून उतरला.

आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. करडी गावाकडच्या एका खेड्यात त्यांची धानाची शेती होती, शिवाय तांदळाचा व्यापार. "मले समजते" हे त्यांचं ब्रीदवाक्य. एकदा लाखांदूरला जायला निघाले आणि पवनीच्या एस.टी.त बसले. कंडक्टरने सांगितलं, मी सांगितलं, शेजारच्या बाईनेसुद्धा सांगितलं. "मले समजते," म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. पवनीला उतरल्यावर धोतर झटकून म्हणाले, "मले इथंच याचं होतं." आणि काही काम नसताना दिवसभर पवनीत फिरले, मलाही फिरवलं.

ऐंशी साल उजाडायच्या सुमारास त्यांनी घरची बैलजोडी विकली आणि मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप आणली. ती मुळातच जड. त्यात "गाडी कशी भरदार पायजे" म्हणून त्यांनी गावच्या लोहाराकडून तिला जाड पत्र्याचा टप ठोकून घेतला, पुढे लोखंडी कठडा बसवला. हँडब्रेक गुडघ्याला लागतो म्हणून काढून टाकला. एवढं ओझं अंगावर घेऊन ती जीप धावायची खरी, पण थांबायला तिला पुढचं गाव लागायचं. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजून पत्र्याला टेकले होते आणि ड्रमवर बोट बसेल एवढ्या खाचा पडल्या होत्या.

शेवटी नागपूरला जाऊन सामान आणायचं ठरलं. पिशवी धरायला मला बरोबर घेतलं. दुकानदार भला माणूस होता. "मालिक, इतनी भारी गाडी है, तो नया ड्रम लीजिए और ये मोटा लायनर," असं म्हणून त्याने दोन्ही वस्तू समोर ठेवल्या. मामाजींनी नव्या ड्रमला टिचकी मारली. तो खणखणीत वाजला. "घंटीसारखा वाजते. फुटन हा," म्हणाले आणि मागच्या भंगारातून एक जुना, बद्द वाजणारा ड्रम उचलून आणला. तो म्हणे मुरलेला होता. लोणचं मुरतं हे मला माहीत होतं, ड्रम मुरतो हे त्या दिवशी कळलं.

मग लायनरची पाळी आली. दुकानदाराने दिलेला लायनर खरबरीत होता. मामाजींनी तो गालावर घासून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. दुकानातले सगळे लायनर त्यांनी कोशाचं रेशमी कापड पारखावं तसे बोटांनी चोळून पाहिले आणि त्यांतला सगळ्यांत गुळगुळीत निवडला. दुकानदार कळवळून म्हणाला, "अरे बाबूजी, इससे गाडी रुकेगी नहीं." मामाजींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "थांबवाले लायनर कायले लागते? थांबवाले डायवर लागते!" दुकानदाराने माल बांधून दिला.

हा सगळा खटाटोप पोळ्यासाठी होता. तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा गावातला मान मामाजींच्या घराण्याचा. पण जोडी तर विकलेली. त्यांचा चुलतभाऊ आपली पांढरीशुभ्र जोडी घेऊन त्या मानाची वाटच बघत होता. मामाजींनी गावच्या पाटलाला सांगून टाकलं, "मी जीप आणतो. चार चाकं म्हंजे दोन जोड्या झाल्या. आता तं मान दुप्पट पायजे." पाटील बिचारा भिडस्त, त्याला नाही म्हणता आलं नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून शेकतात आणि बैलांना दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी करडीचा मिस्त्री नवे लायनर बसवून, चाकं उघडीच ठेवून घरी गेला होता. मी चहा पीत ओसरीवर बसलो होतो. बघतो तर मामाजी तुपाची वाटी घेऊन जीपपाशी उकिडवे बसलेले, आणि कोऱ्या लायनरवर प्रेमाने तूप-हळद चोळताहेत! "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं प्रत्येक चाकाला सांगणंही चाललं होतं.

"मामाजी, अहो ब्रेकला तूप लावत नसतात!" मी ओरडलो.

"गाडीचा भार कोनावर पडते? याच्यावरच ना? मंग हाच गाडीचा खांदा. तुमी तुमच्या कचेरीतल्या फाईली पाहा, जवाईबापू. मले समजते."

सकाळी मिस्त्री आला आणि पिवळे लायनर पाहून हबकला. पुसायला फडकं काढलं तर मामाजी अंगावर धावून गेले. "पूजेचं होय थे! पुसू नोको!" त्या पंचक्रोशीत धंदा करायचा असेल तर मामाजींशी वाकडं घेऊन चालत नव्हतं. त्याने तशीच चाकं चढवली. "मालक, पयल्याच गिअरमधी ठेवा," एवढं मात्र तो हात जोडून म्हणाला. मी काही त्या जीपमध्ये बसलो नाही; पायीच पुढे जाऊन उताराच्या कडेला उभा राहिलो.

गावाकडून येणारा रस्ता तलावाच्या कडेने उताराला लागतो आणि खाली आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, संपतो. तिथे तोरण बांधलेलं, त्याखाली सजवलेल्या जोड्या, माणसं, पोरंबाळं, डफड्यांचा गजर. मामाजी फेटा बांधून आले, अर्थातच वरच्या गिअरमध्ये. उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. त्यांच्या तोंडावरची ऐट एका क्षणात उतरलेली मी पाहिली. समोर शंभर पावलांवर सगळं गाव उभं होतं. मामाजींनी गर्रकन चाक फिरवलं आणि ती भरदार जीप तलावात घातली.

श्रावणातला भरलेला तलाव. जीप बॉनेटपर्यंत बुडाली. मामाजी छातीभर पाण्यातून बाहेर आले, फेटा वाहून गेलेला. तोवर लोकांनी मिस्त्रीला धरलं होतं. "काय बसवून ठेवला बे? गाव मारत होता काय?" कोणी गचांडी पकडली, कोणी हात उगारला. करडीतलं त्याचं दुकान पेटवायची भाषा सुरू झाली. मिस्त्री मामाजींकडे बघत होता. मला वाटलं, आता मामाजी नेहमीसारखे त्याच्यावरच ढकलून मोकळे होणार.

"सोडा त्याले!" मामाजी ओरडले. "त्यानं मले सांगतलं होतं. मीनं आयकलं नाई. ब्रेकले तूप मीनं लावलं."

मग हशाचा जो डोंब उसळला, तो गावात कित्येक वर्षं शमला नाही. मान चुलतभावाकडे गेला तो कायमचा. पोरं मामाजींना मागून 'तूपवाले' म्हणू लागली आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्यानंतर ते सुधारले असतील असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. मरेपर्यंत सगळं त्यांनाच समजत होतं आणि मरेपर्यंत मी त्यांना वैतागलेलो होतो. ते गेले तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं नाही. तिरडी उचलायला मी पुढे झालो, तर शेजारी खांदा द्यायला करडीचा मिस्त्री उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. घाटापर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही, आणि सगळ्या वाटेवर तो माणूस हुंदके देऊन रडत होता.