भंडारा कुणी उचलायचा

तो फोटो मी एकदाच पाहिला, होस्टेलवर, मैत्रिणीच्या फोनमध्ये. चेहरा माझा होता. बारावीला पहिली आले म्हणून गावानं सत्कार केला, तेव्हा कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोतला. मानेखालचं उघडं शरीर माझं नव्हतं, ते कुठल्याशा ॲपनं तयार केलेलं होतं. मी वीस वर्षांची, सांगलीत बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. याविषयी कसं लिहावं ते अजून कळत नाही. झालं तसं लिहिते.

कॉलेजातल्या आमच्या मॅडमनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "पुसू नको. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेव. पुढं कुणालाही पाठवू नको. पोलिसांत जायचं, मी येते बरोबर." तेवढ्यात चुलत्याचा फोन आला, "घरी ये." जत तालुक्यातल्या आमच्या गावात बसमधून उतरले, तर पारावरची माणसं माझ्याकडं बघत राहिली. एकानंही मान वळवली नाही. फोटो बघितला त्यांनी आणि लाज मी बाळगायची, हे त्यांचं ठरून गेलं होतं.

घरात आबा, म्हणजे माझे वडील, आणि चुलते बसले होते. आई चुलीकडं तोंड करून.

"खोटं हाय ते आबा. कुणाचाबी फोटो घातला की ॲप तसं करून देतंय."

"मग तुझाच कसा घातला?" चुलते म्हणाले. "गावात दुसऱ्या पोरी न्हाईत व्हय?"

"ज्यानं केलं त्याला इचारा की."

"लय बोलाय लागली. मी सगळ्यांना डिलीट कराय लावलंय. मिटलं."

आमच्या धनगर समाजात कुणावर आळ आला की बिरोबाच्या देवळात भंडारा उचलायचा. हळदीची मूठ हातात घेऊन शपथ घ्यायची. खोटी शपथ घेतली तर घराचं वाटोळं होतं, असं सगळे मानतात. मेंढरं चोरल्याचे वादसुद्धा असेच मिटतात. आबांनी तोच रस्ता काढला.

"उद्या भंडारा उचल. म्हण, ही मी न्हाई. गाव गप बसंल, तू कॉलेजला जा."

"आन न्हाई उचलला तर?"

"तर कॉलेज बास. पावण्यांना सांगावा धाडतो."

ते मला वाचवत होते, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त चीड आली.

सकाळी देवळापुढं एरवी न येणारे पुरुषही आले होते. पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट पुढं केलं.

"मी उचलते," मी म्हणाले. "पण आधी ज्यांनी हा फोटो कुणाला पाठवला न्हाई, त्यांनी उचलावा. एकेकानं पुढं या."

कुणी हललं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "अवघड हाय गड्यांनो. एकाचाबी हात पिवळा व्हईना." दोघंतिघं हसले. चुलते चपला शोधायला लागले.

आबा त्यांच्याकडं बघत होते. धाकट्या भावाला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेलं. ते एवढंच म्हणाले, "तूबी?" चुलते देवळाच्या पायऱ्या उतरून गेले. आबांनी ताट पुजाऱ्याकडं परत सारलं.

सोमवारी मी आणि आबा सांगलीला सायबर पोलिसांकडं गेलो. मॅडम दारातच उभ्या होत्या. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "कुणाशी ओळख होती का? भांडण, प्रेमप्रकरण?"

आबा खुर्चीवरून उठले. "सायेब, तिला काय इचारताय? ज्यानं पाठवला त्याचा नंबर हाय की कागदावर."

तक्रार टाइप झाली. फोटो जिथं जिथं चढला होता तिथून काढायला लावू, असं साहेब म्हणाले. कुणाकुणाच्या फोनमध्ये तो राहील, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. मलाही माहीत नाही. गावातला कुणी हसून बोलला की मी अजून तोच विचार करते, आणि त्याच्याशी बोलत नाही.

साहेबांनी कागद पुढं सरकवला, तेव्हा आबांनी सवयीनं पेन उचललं. मी हात पुढं केला. त्यांनी पेन दिलं. सही करून मी बाहेर आले, अकराचं प्रॅक्टिकल चुकलं होतं, दोनचं होतं, तिकडं गेले.