फोनवरचं भांडण

टेलिफोन खात्यात उभा जन्म गेला, म्हणून सगळी वस्ती तिला हॅलोबाईच म्हणायची. निवृत्त झाल्यावर ती घरात बसून टीव्हीवरच्या निवेदकांचे उच्चार सुधारायला लागली. शेवटी सून वैतागली. ती नगरपालिकेच्या वाचनालयात कामाला होती. एका संध्याकाळी म्हणाली, "आई, बाहेरून इथं राहायला आलेल्या लोकांसाठी पालिका दरवर्षी निधी ठेवते. त्यांनी इथं रुळावं म्हणून. तुम्ही काढा ना एखादा वर्ग."

"भाषेचे वर्ग आहेत की पुष्कळ."

"मग वेगळं काहीतरी."

वेगळं काय, ते हॅलोबाईला पक्कं ठाऊक होतं. समोरासमोर माणूस हातवारे करून वेळ मारून नेतो. फोनवर हात काय कामाचे? दवाखान्याची वेळ घ्या, शाळेत निरोप द्या, गॅसची तक्रार करा, सगळं फोनवर. आणि नेमकी तिथंच या लोकांची दातखीळ बसते.

"फोनवर बोलायचा वर्ग?" पालिकेतला कारकून हसला. पण पैसे मंजूर झाले. वाचनालयातल्या शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या, दोन्हीकडे एकेक जुना फोन आणि मधल्या भिंतीतून ओढलेली तार. विद्यार्थी एका खोलीत, हॅलोबाई दुसरीत. कधी ती दवाखान्यातली बाई व्हायची, कधी शाळेतला शिपाई, कधी खेकसणारा घरमालक.

त्या वर्गात एक गवंडी यायचा. गिलाव्याला हात असा, की भिंतीवरून माशी घसरावी. पण फोन वाजला की गडी घामाघूम. घरचे फोन त्याची लहान मुलगी करायची. शाळेमुळे इथली भाषा तिच्या तोंडात बसली होती. एकदा छत गळतंय म्हणून तिनं घरमालकाच्या मुनिमाला फोन केला, तर तो त्या चिमुरडीवरच डाफरला. पोर रडत बापाला म्हणाली, "ते विचारतात, घरात मोठं कुणी नाही का?"

दुसऱ्या दिवशी गवंडी वर्गात हजर.

सुरुवातीचे आठवडे कठीण गेले. भिंतीपलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. "बोला की!" हॅलोबाई म्हणायची. "छत गळतो," तो कसाबसा पुटपुटायचा. "गळतं! आणि चुकलं तरी चालेल, पण मोठ्यानं चुका."

वर्ष सरत आलं. निधी पुढे चालू ठेवायचा की नाही, ते ठरवायला पालिकेचे तिघे जण पाहणीला आले. त्यांच्यातली मुख्य बाई भली होती, पण काटेकोर. "लोक येतात, ते दिसतंय. पण फरक काय पडला, ते कसं कळायचं?"

हॅलोबाई उत्तर देणार, तोच गवंडी उठला. नेमकं त्या दिवशी छत पुन्हा गळत होतं. "मला एक फोन करायचा आहे. खरा," तो म्हणाला. खिशातून मोबाइल काढून, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून त्यानं मुनिमाला फोन लावला.

हॅलोबाईनं खुर्ची पुढे ओढली.

"कोण?" पलीकडून खेकसणं.

"तिसऱ्या मजल्यावरचा गवंडी. माझा छत गळतो."

हॅलोबाईनं डोळे मिटून घेतले.

"बरं, बघू."

"बघू नका आता. मागच्या महिन्यात पण बघू म्हणाले. मी गवंडी आहे, मला कळतं. वरच्या बाथरूमचा पाइप फुटला आहे. माणूस पाठवा."

"सोमवारी पाठवतो."

"सकाळी की दुपारी?"

"सकाळी."

"ठीक. आणि माझ्या मुलीवर तुम्ही ओरडले होते. पुन्हा ओरडायचं नाही. घरात मोठं माणूस आहे."

फोन ठेवला तेव्हा गवंड्याचे कान लाल झाले होते. पालिकेची बाई इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हॅलोबाईचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. 'सकाळी की दुपारी' हे तिनं कधी शिकवलंच नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं! आयुष्यभर हजारो आवाज एकमेकांना जोडून दिले, पण असा ऊर कधी भरून आला नव्हता.

घरी सून दारातच उभी. "काय झालं आई, निधी चालू राहणार?"

"राहील गं. आधी ऐक तरी, तो भांडला कसा!"

सोमवारी सकाळी प्लंबर आला, जरा उशिरानं, पण आला. निधीही आला, आणि वाढवून आला. नदीपलीकडच्या वस्तीतही असाच वर्ग काढा, असं पालिकेनंच कळवलं. तिथं शिकवायला कुणाला पाठवायचं, असं विचारल्यावर हॅलोबाईनं क्षणाचाही विचार केला नाही.

"गवंड्याला पाठवा," ती म्हणाली. "व्याकरणात मार खाईल. पण त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसाला कुणी ताटकळत ठेवून दाखवावं!"