पाव्हण्यांसाठी टाकलेला मुरूम

"कोणं टाकला? मी विचारून राहिलो, कोण्या शहाण्यानं टाकला हा मुरूम?"

नाल्याच्या रपट्यावर उभा राहून मी ओरडत होतो. आवाज असा लागला होता की बोडीच्या तळ्यावरचे बगळे उठले ते थेट पवनीच्या घाटावर जाऊन बसले. परत आलेले मी तरी पाहिले नाहीत. समोर अर्धं गाव फावडी-घमेली घेऊन उभं, आणि एकेकाच्या तोंडावर लग्नाचा मांडव घालून झाल्यावर असतं तसं समाधान.

"आमीच टाकला," माझा मोठा भाऊ म्हणाला. "सायेब लोक येऊन राहिले ना तुये. त्यायची गाडी आदळली पायजे का?"

"हाव! आदळलीच पायजे! त्याच्यासाठीच आणून राहिलो त्यायले!"

"पागल झाला का बे?" भावानं गावाकडे वळून विचारलं, आणि गावानं माना हलवल्या. माझ्या वेडेपणाबद्दल गावात कधीच दुमत नव्हतं.

आता हा रपटा म्हणजे काय, ते सांगतो. रपटा म्हणजे ज्याला पूल म्हणायची सरकारलाही लाज वाटते असा पूल. उंची कोंबडीच्या गुडघ्याएवढी. मधला स्लॅब एका बाजूला कललेला, त्यातून सळया अशा बाहेर आलेल्या की एसटीचा ड्रायव्हर रोज सकाळी देवाचं नाव घेऊनच चाक घालायचा. खड्ड्यांचं तर विचारू नका. एकदा एक कोंबडा त्यात पडला आणि दुसऱ्या दिवशी बालाघाटच्या बाजारात आरवताना सापडला म्हणतात. पावसाळा लागला की नाला फुगतो, रपटा पाण्याखाली जातो आणि एसटी पलीकडूनच तोंड फिरवते. तो ड्रायव्हर तरी काय करेल? त्याला बस चालवायला ठेवलंय, डोंगा हाकायला नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी हा रपटा ओलांडत होती. पाणी घोट्याएवढं होतं ते बघता बघता कमरेला आलं. दप्तर वाहून गेलं. पोरगीही गेलीच असती. एका गुराख्यानं वेणीला धरून ओढली म्हणून वाचली. त्या दिवसापासून वहिनीच्या काळजाचा ठोका जागेवर नाही. भावानं जाहीर करून टाकलं, "यंदा पूल मंजूर झाला तर पोट्टी बारावीले जाईल. नाही तर घरी बसंल." पोरगी अकरावी सायन्सला पवनीत पहिली आलेली. तिला नर्स व्हायचं होतं. घरातल्या म्हशीचा तापसुद्धा ती थर्मामीटरनं बघायची.

आणि मी? मी जिल्ह्याच्या वाहतूक आराखड्याच्या समितीवर अशासकीय सदस्य. वर्षाच्या पैशात कोणता रस्ता, कोणता पूल, कोणता बसथांबा घ्यायचा ते ही समिती ठरवते. अशासकीय म्हणजे टेबलाच्या टोकाला बसणारा, ज्याच्यापर्यंत बिस्किटाची बशी येते तेव्हा बशीत फक्त चुरा असतो. समितीची कामाची पद्धत मोठी नामी. गेल्या वर्षीची यादी घ्यायची, तिच्यावरची तारीख बदलायची आणि मग कामांचे गट पाडायचे. अ गटाला पैसा, ब गटाला आशा, क गटाला श्रद्धांजली. आमचा रपटा मी नरड्याच्या शिरा ताणताणून ब गटापर्यंत ओढून आणला होता. अ मध्ये जायला फक्त एक स्थळपाहणी हवी होती. ती लावून घेण्यासाठी मी किती पायऱ्या झिजवल्या म्हणता? त्या कार्यालयाच्या जिन्याला आता उतार झालाय, लोक त्यावरून घसरत खाली येतात.

आणि पाहणीच्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर हे!

गावानं तीन ट्रॉल्या मुरूम ओतला होता. सळया त्याखाली गाडल्या. धुमस मारमारून असा घट्ट केला की त्यावर गोट्या खेळाव्यात. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलं. कडेच्या दगडांना चुना आणि गेरू. आणि कळस म्हणजे रपट्याच्या मधोमध, जिथं पोरगी वाहून जाणार होती अगदी तिथंच, वहिनीनं सडा घालून रांगोळी काढली होती. स्वस्तिक, कमळ, खाली "सुस्वागतम्".

"वहिनी, हे काय करून ठेवलं वो?"

"काहून? रंग कमी पडला का?" वहिनीनं विचारलं.

मी फावडं हिसकावलं आणि मुरूम उकरायला लागलो. भावानं मागून कवळ घातली. "घरी येणाऱ्या पाव्हण्याच्या वाटेत खड्डे खणून राहिला? आपल्या सात पिढ्यात कोणं केलं नाही असं!" हे मात्र खरं होतं. आमच्याकडे वैऱ्याला जरी जेवायला बोलावलं तरी आधी अंगण सारवतात. त्या सात पिढ्यांचा मला त्या क्षणी जो राग आला, तो त्यांच्या कोणत्याही सुनेला आला नसेल.

तेवढ्यात धुरळा न उडवता समितीच्या साहेबांची गाडी आली. सुर्रकन रपट्यावर चढली, सुर्रकन उतरली. मागच्या सीटवर साहेबांना डुलकी लागली होती. गाडी थांबली म्हणून जागे झाले.

"रपटा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"साहेब, त्याच्यावरूनच आलात तुम्ही!" मी म्हणालो.

"अच्छा! रस्ता चांगला आहे की हो तुमचा."

गाव खूश झालं. गावानं टाळ्या वाजवल्या! मी म्हणालो, "साहेब, हा कालच्या रात्रीचा मेकअप आहे, खाली सळया आहेत, दाखवतो." आणि बुटाच्या टाचेनं खणायला लागलो. मुरूम निघेना, टाच निघाली. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "पण नाल्यात पाणी कुठं दिसत नाही?"

तेव्हा पुतणी पुढे आली. घाबरली होती, पण स्पष्ट बोलली. "सर, पावसाळ्यात पाणी इथवर येते." तिनं स्वतःच्या खांद्यापाशी हात लावून दाखवला. "बस येत नाही. मागच्या वर्षी मी वाहून जात होती."

"वा, धीट आहे मुलगी," साहेब म्हणाले. "कितवीला?"

"आता बारावी."

"खूप शिक हं. मोठी हो." तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून भावाला विचारलं, "जेवणात मासोळी आहे म्हणे?"

होती ना. वैनगंगेची होती, एवढी मोठी की तिचं डोकं एका चुलीवर आणि शेपूट शेजारच्या चुलीवर शिजत होतं. साहेब आग्रहानं जेवले. सगळ्या गावानं वाढलं. मी उपाशी राहिलो, आणि माझ्या उपाशी राहण्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, याचाही मला वेगळा राग आला.

जून लागला तेव्हा भंडाऱ्यात समितीची बैठक झाली. हॉलचा एसी असा की बाहेर माणसं भाजून निघत होती आणि आत पाण्याच्या ग्लासावर बर्फाची साय धरत होती. साहेब एकेक काम वाचत गेले. आमचं आलं. "रपटा. स्थळपाहणीत सुस्थितीत आढळला. पाण्याचा प्रवाह आढळला नाही. गट क."

मी उठलो. खुर्ची मागे पडली ती पडू दिली. "पाणी आढळलं नाही? उन्हाळ्यात नाल्यात पाणी शोधता? उद्या मांडवातल्या नवरीला विचाराल, लेकरं किती आहेत म्हणून!"

"भाषा सांभाळा," साहेब म्हणाले.

"भाषा सांभाळतो, तुम्ही पोरगी सांभाळा! आणि हे अ गटात काय आहे? फाट्यावरचा प्रवासी निवारा? त्या फाट्यावर एसटी थांबत तरी आहे का?"

"पाहणीत त्या ठिकाणी लोक बसलेले आढळले."

"ते झाडाखाली पत्ते खेळत होते, साहेब!"

कोणी हसलं नाही. पत्त्यांना पक्कं छप्पर मिळालं, पोरीला पूल नाही. माझ्या कानशिलातून वाफ निघत होती. मी टेबलावर दोन्ही हात आपटले आणि म्हणालो, "जुलैत या. माझी विनंती समजा, धमकी समजा. एकदा भर पावसात येऊन त्या रपट्यावर उभे राहा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. अगदी शांतपणे म्हणाले, "पावसाळ्यात स्थळपाहणी होत नसते. रस्ते बंद असतात."

आणि पुढचं काम वाचायला घेतलं. आजूबाजूच्या एका माणसाची तरी पापणी हलावी? नाही. शेजारच्या सदस्यानं माझी पडलेली खुर्ची उचलून दिली आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्यात अख्खं बिस्कीट होतं. मी ते तिथंच ठेवून निघालो.

भंडाऱ्यापासून गावापर्यंत मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की नव्या शिव्या पाडाव्या लागल्या. साहेबांना दिल्या, एसीला दिल्या, भावाला, मासोळीला, सात पिढ्यांना. ठरवलं होतं, पोरीला माझ्या घरी ठेवून घ्यायची, पवनीत. खोली लहान आहे, पण पोरगी काय जागा खाते का? काका नावाचा माणूस आणखी कशासाठी असतो? हे आधीच का सुचलं नाही म्हणून डोक्यात हात मारून घेतला.

भावाच्या घरी पोचलो तर वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी फाटकातूनच ओरडलो, "वहिनी, पोट्टी कुठं आहे? बॅग भरा तिची, मी नेऊन राहिलो!"

वहिनीनं सूप थांबवलं नाही.

"शिवणक्लासले गेली भाऊजी. गावातच लावली. नाला लागत नाही."